थिबा राजवाड्यात थिबा किती वर्षं राहिला?

रत्नागिरीत कुणीही सांगेल, इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला, थिबाला, पकडून आणलं आणि तीस वर्षं या राजवाड्यात ठेवलं. तसं नाही. थिबा १८८६ मध्ये इथे आला, तेव्हा राजवाडा नव्हताच. तो बांधून झाला १९१० मध्ये. आधीची चोवीसेक वर्षं हे नजरकैदेतलं कुटुंब बंगल्यांतच राहिलं. राजवाडा वाट्याला आला जेमतेम सहा वर्षं. १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला. मायदेश पुन्हा दिसला नाही.

आपण त्या अर्धगोल नक्षीदार खिडक्यांखाली सेल्फी काढतो आणि आंबापोळी घ्यायला पळतो. त्याच्या समाधीकडे फिरकतं कोण? २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मात्र मुद्दाम तिथे आले होते. आणि आपला शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर? त्याला इंग्रजांनी उलट ब्रह्मदेशात धाडलं; तो रंगूनच्या मातीत.