पक्ष्यांच्या पेशीकेंद्रकांतील लिंगभेद

पक्ष्यांच्या नराच्या पेशीकेंद्रकात दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीच्या केंद्रकात एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे सस्तन प्राण्यांच्या नेमके उलट: इथे पिलाचे लिंग पित्याच्या शुक्राणूवर नव्हे, तर मातेच्या अंड्यावर ठरते.

हा भेद सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू शकतो. कोंबडीच्या पेशीत 78 गुणसूत्रे असतात. पेशी विभाजित होत नसताना ती बहुतेक सैल पसरलेली असतात. डब्ल्यू मात्र घट्ट गुंडाळलेले राहते आणि गडद ठिपक्यासारखे उठून दिसते. 1949 मध्ये मरे बार आणि इवार्ट बर्ट्राम यांना मांजरीच्या चेतापेशींत असाच ठिपका आढळला होता. या दोन ठिपक्यांची गल्लत सहज होते, पण ती टाळायलाच हवी. मांजरीतला ठिपका म्हणजे सस्तन मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी निष्क्रिय झालेले एक. पक्ष्यांतला ठिपका म्हणजे खुद्द डब्ल्यू; त्याचा बराचसा भाग पुनःपुन्हा येणाऱ्या डीएनए-क्रमांचा असल्याने ते आवळलेले राहते.

मग नरातल्या दोन झेडचे काय? त्यांतले कोणतेही पूर्णपणे बंद होत नाही. त्यामुळे झेडवरची अनेक जनुके नरात मादीपेक्षा अधिक काम करतात. डीएमआरटी1 हे त्यांतले महत्त्वाचे जनुक. त्याच्या दोन प्रती असतील तरच वृषण नीट घडते, हे 2009 मध्ये कोंबडीच्या भ्रूणांवरील प्रयोगातून पुढे आले.

खरा धक्का 2010 मध्ये बसला. अर्धे अंग कोंबड्याचे आणि अर्धे कोंबडीचे असलेल्या पक्ष्यांचा एडिनबरोच्या रॉझलिन संस्थेत अभ्यास झाला. दोन्ही बाजूंना एकच रक्त, तीच संप्रेरके. तरी नरबाजूला झेड-झेड पेशी अधिक होत्या, मादीबाजूला झेड-डब्ल्यू. नर-मादीची घडण केवळ संप्रेरकांच्या हाती असती, तर असा पक्षी संभवलाच नसता. पक्ष्यांची पेशी आपले लिंग बऱ्याच अंशी स्वतःच जाणते.

पक्ष्यांच्या लाल रक्तपेशींतही केंद्रक असते. म्हणून नर-मादी सारखेच दिसणाऱ्या पोपटांचे लिंग रक्ताच्या एका थेंबातून ओळखता येते. त्यासाठी सीएचडी1 या जनुकाच्या झेडवरील आणि डब्ल्यूवरील प्रतींच्या लांबीतला फरक पाहतात. शहामृग आणि एमू यांच्यात मात्र ही चाचणी चालत नाही. त्यांचे झेड आणि डब्ल्यू आजही बरेचसे एकसारखे आहेत.