दुभत्या गाईंची सूक्ष्मजीव-पूरके (कोकण)

गाईचे पचन सुधारावे म्हणून खुराकातून दिले जाणारे उपयुक्त जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे सूक्ष्मजीव-पूरके. दुकानात ती प्रोबायोटिक किंवा यीस्ट पावडर म्हणून मिळतात. सर्वाधिक वापर सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टचा. पाव फुगवणारे यीस्टही याच जातीचे. लॅक्टोबॅसिलस आणि बॅसिलस गटांतले जिवाणूही वापरात आहेत. युरोपीय संघाने २००६ पासून जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर बंदी घातली आणि या पूरकांना मागणी वाढली.

चाऱ्यातला तंतुमय भाग गाय स्वतः पचवत नाही, तिच्या कोठीपोटातले (रुमेनमधले) जिवाणू तो फोडतात. तिथल्या एका मिलिलीटर द्रवात १००० कोटी किंवा त्याहून जास्त जिवाणू असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना ऑक्सिजन सोसत नाही. घासाबरोबर थोडी हवा आत जातेच. यीस्ट त्या हवेतला ऑक्सिजन वापरून टाकते, लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंनाही पोसते. त्यामुळे पोटातली आम्लता आटोक्यात राहते.

कोकणात मात्र आधी पेंढ्याचा विचार करावा लागतो. भातकापणीनंतर उडव्यांत रचलेला हा पेंढा वर्षभर पुरवायचा असतो, पण त्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के आणि सिलिका (वाळूसारखे न पचणारे खनिज) भरपूर. प्रथिनांतून मिळणारे नत्रच (नायट्रोजन) जिवाणूंना मिळाले नाही, तर वरून यीस्ट घालून फारसे काही हाती लागत नाही. म्हणून पावडरीच्या डब्याआधी पेंढ्यातले नत्र वाढवणाऱ्या युरिया प्रक्रियेवर खर्च करणे शहाणपणाचे. १०० किलो पेंढ्यावर ५० लीटर पाण्यात पूर्ण विरघळवलेला ४ किलो युरिया थराथराने शिंपडतात, पेंढा दाबून हवाबंद झाकतात आणि २१ दिवसांनी उघडतात. उघडल्यावर अमोनियाचा वास नाकाला झोंबतो, तो उडून जाईपर्यंत पेंढा पसरून ठेवतात. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो देत नाहीत.

२०१८ मध्ये अधिकृत जात म्हणून नोंदलेली कोकण कपिला गाय डोंगरउतारावर चरून दिवसाला दोन-तीन लीटर दूध देते. तिला रोज विकतचे यीस्ट घालणे परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. भरपूर पेंड-भरडा खाणाऱ्या, नुकत्याच व्यालेल्या संकरित गाईला त्याचा उपयोग होतो. तिथेही दुधातली वाढ बहुधा दिवसाला लीटरभराच्या आतच असते.

लग्नसराईत पंगतीचा उरलेला भात गुरांपुढे ओतला जातो, तेव्हा खरे संकट येते. पोटात लॅक्टिक आम्ल एकदम वाढते, रवंथ थांबते, पातळ शेण होते, जनावर बसकण मारते. अशा वेळी यीस्टवर विसंबून वेळ घालवू नये, पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवावे. आम्लता उतरवण्यासाठी ते खाण्याचा सोडा वापरतात. त्यानंतर निरोगी गाईच्या कोठीपोटातला रस काढून आजारी गाईला पाजण्याची पद्धतही आहे. यात तयार जिवाणूंची अख्खी वस्तीच तिच्या पोटात जाते. कारखान्यातली पूरके येण्याच्या कितीतरी आधीपासून हे होत आले आहे.

जिवंत यीस्ट उष्णतेने आणि दमटपणाने मरते. शिजवलेले कुळीथ किंवा पेज गरम असताना त्यात पावडर मिसळली, तर ती वाया गेलीच. जून ते सप्टेंबर फोडलेले पाकीट गोठ्यात न ठेवता घरात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पावसात बुरसलेला पेंढा किंवा पेंड मात्र कोणत्याही पूरकाने खाण्याजोगी होत नाही. ती फेकूनच द्यावी, कारण शेंगदाणा पेंडीवरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरते.