दहिवर व घरगुती नळव्यवस्था (महाबळेश्वर)

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरच्या पठारावर, विशेषतः वेण्णा तलाव व लिंगमळा या भागांत, हिवाळ्यातील काही पहाटे जमिनीलगत बर्फाचा पातळ थर धरतो. त्यापासून घरातील नळ, टाक्या व छतावरील सौर बंब सांभाळण्याची रीत या नोंदीत दिली आहे. ‘दहिवर’ हा शब्द बोलीत व कवितेत साध्या दवासाठीही येतो. येथे तो गोठलेल्या दवापुरता घेतला आहे. वर्तमानपत्रांनी रूढ केलेला ‘हिमकण’ हा शब्द टाळलेला बरा, कारण हे कण आकाशातून पडत नाहीत, जागच्या जागी तयार होतात.

हा थर कसा तयार होतो याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार आधी पाण्याचे दव जमते व पहाटेकडे ते गोठते. दुसऱ्यानुसार बाष्प द्रवरूप न होता थेट स्फटिकांत बदलते. पहिल्या प्रक्रियेत काचेसारखे गोलसर मणी दिसतात, दुसरीत पिसासारखे पांढरे काटे. तलावाकाठची हवा दमट असते व तिचा दवांक, म्हणजे दव जमू लागते ते तापमान, बहुधा शून्य अंशाच्या वर राहतो. त्यामुळे वेण्णाकाठापुरते पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. उतारावरच्या कोरड्या हवेत दुसरी प्रक्रियाही संभवते. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांच्या काळात, सामान्यतः १८४२ च्या सुमारास, हा तलाव बांधला गेला असे मानतात. दहिवर त्याआधीही पडत असावे, कारण थंड व जड हवा जिथे साचते तो खोलगटपणा मुळात खोऱ्याचा आहे. तलावाने ओलाव्याची भर घातली असावी.

‘पारा शून्यावर’ हे विधानही जपून घ्यावे लागते. हवामान-नोंदीचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. निरभ्र व वारा पडलेल्या रात्री उघडे पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी थंड होऊ शकतात. पेटीतला पारा ४° से. दाखवत असताना गाडीचा टप, बोटींचा धक्का किंवा स्ट्रॉबेरीचे पान यांवर बर्फ धरतो तो यामुळेच. ज्या वस्तूला आकाश उघडे दिसते तीच गोठते. घराच्या तयारीचा सारा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. नळ मात्र बर्फ धरलेल्या जागीच फुटतो असे नाही. बर्फाचा बूच व बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि भेग बहुधा तिथे, एखाद्या सांध्यावर पडते. म्हणून कडाक्याच्या रात्री तोटी किंचित सैल ठेवतात. वाहत्या थेंबांच्या उबेपेक्षा दाबाला मिळणारी वाट महत्त्वाची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगांत, आच्छादन नसलेल्या नळांना धोका हवेचे तापमान सुमारे −७° से. पर्यंत उतरल्यावर दिसून आला. ते नळ छपराखाली होते, म्हणजे त्यांना आकाश उघडे दिसत नव्हते, हे लक्षात घ्यावे. महाबळेश्वरची हवा इतकी उतरत नाही. भिंतीआतले वा पुरलेले नळ येथे सुरक्षित समजावेत. लेह-कारगिलकडे रात्री सगळा नळमार्ग रिकामा करावा लागतो, तशी वेळ येथे येत नाही.

टाकीची भीती त्याहून कमी. ५०० लिटर पाणी १५° वरून शून्यावर येण्यासाठीच सुमारे ३१,००० किलोज्यूल उष्णता जावी लागते, आणि पूर्ण गोठण्यासाठी त्याच्या पाचपटीहून अधिक. उलट अर्ध्या इंची नळाच्या एका मीटरमध्ये जेमतेम ०.१८ लिटर पाणी मावते. गच्चीवरून उघड्याने गेलेला नळ, बागेतली तोटी, ठिबकच्या जमिनीवरच्या नळ्या ही खरी नाजूक ठिकाणे. त्यांवर गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधतात व वरून प्लॅस्टिकचा कागद घालतात. कागद हवाच, कारण भिजलेले गोणपाट उष्णता अडवत नाही. आच्छादन ऊब निर्माण करत नाही, उष्णता जाण्याचा वेग तेवढा कमी करते.

सर्वांत मोठा धोका सपाट पत्र्याच्या सौर बंबाला असतो, आणि दुर्लक्षही त्याकडेच होते. तो रात्रभर आकाशाकडे तोंड करून असतो, त्याच्या तांब्याच्या नळ्या बारीक असतात, आणि हवा शून्याच्या वर असतानाही त्या गोठून फुटू शकतात. संध्याकाळी ताडपत्री टाकणे, किंवा घर बंद ठेवून जाताना पाणी काढून टाकणे, एवढे केले तरी पुरते. नवीन बसवताना गोठणरोधक द्रव वेगळ्या वेटोळ्यातून फिरवणारा प्रकार निवडावा. निर्वात काचनळ्यांच्या बंबात हा प्रश्न पुष्कळ कमी, कारण निर्वात पोकळी उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

२०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या येथील स्ट्रॉबेरीच्या शेतांनाही हेच तत्त्व लागू पडते. शेकोटीच्या धुराने दहिवर टळते असा समज आहे. धुराचे कण उष्णतेचे उत्सर्जन फारसे अडवत नाहीत, जो लाभ होतो तो आगीच्या उष्णतेचा व हवा ढवळली जाण्याचा असावा, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे.

गोठलेला नळ मोकळा करताना मुख्य कॉक बंद करून तोटी उघडावी व तोटीच्या टोकाकडून कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकत मागे यावे. उघडी ज्योत लावू नये. प्लॅस्टिकचे नळ मऊ पडतात. भेग बर्फ वितळल्यावरच गळू लागते, म्हणून ऊन चढल्यावर सांधे पुन्हा पाहावेत.

पाचगणीला हीच रीत सौम्य प्रमाणात पुरते.