कोकणातले छोटे कॅक्टस: लागवड आणि फुलं

छोटे कॅक्टस म्हणजे कुंडीत मावणारे, बहुतेक गोल किंवा आखूड, सावकाश वाढणारे कॅक्टस. मॅमिलेरिया, जिम्नोकॅलिशियम, अॅस्ट्रोफायटम, रेबुशिया, फ्रायलिया, मेलोकॅक्टस ही त्यातली नेहमीची मंडळी. सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडात. कोकणात गडग्यावर वाढतो तो फड्या निवडुंग पण तिकडूनच आलेला खरा कॅक्टस, पण कुंपणाचा शेर किंवा चिकाचा काटेरी निवडुंग हे मात्र युफोर्बिया, म्हणजे कुळच वेगळं. ओळखायचं तर काट्याच्या बुडाशी बघायचं, कॅक्टसचे काटे एका बारीक लवदार गादीतून निघतात. चिकावरून ठरवायला जाऊ नये, काही मॅमिलेरियांना टोचलं तरी दुधासारखा चीक येतो.

कॅक्टसच्या बहुतेक पुस्तकांतलं वेळापत्रक थंड देशांचं असतं, उन्हाळ्यात पाणी आणि हिवाळ्यात कोरडं ठेवून झोपवायचं. किनाऱ्यावर हे जसंच्या तसं चालत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्तच पाऊस, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, आणि जानेवारीत सुद्धा समुद्राकाठी रात्री १८-१९ अंशांच्या खाली पारा फारसा जात नाही. त्यामुळे इथे झोपवायचं ते पावसात, आणि वाढ-फुलं घ्यायची ती साधारण दसऱ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत.

उकाडा पण समजून घ्यायला हवा. कॅक्टस दिवसा रंध्रं मिटून घेतो आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो, तो आम्लाच्या रूपात साठवून दुसऱ्या दिवशी उन्हात वापरतो. रात्र गार असली की हे काम नीट चालतं. मे महिन्यात किनाऱ्यावर रात्रीसुद्धा घाम सुटतो, तेव्हा बरेच कॅक्टस नुसते बसून राहतात आणि अशा वेळी "बिचारा सुकला" म्हणून दुपारी तांब्याभर पाणी ओतलं तर मुळं उकडून जातात. द्यायचंच तर संध्याकाळी आणि बेतानं. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या काही विहिरी मचूळ होतात, ते पाणी नकोच, मातीवर क्षाराचा पांढरा थर धरतो आणि मुळं जळतात.

मातीसाठी कोकणात एक सोय आहे, जांभ्याचा चुरा. चिरेखाणीजवळ हवा तेवढा मिळतो. तो चाळून धूळ काढून टाकायची आणि हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे, दोन भाग खडे-जाड वाळू आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा, थोडं गांडूळखत, बस. वाळू नदीची, किनाऱ्यावरची खारट वाळू चालत नाही. नर्सरीतून आलेलं रोप बहुतेक वेळा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. नारळ आपलाच, कोकोपीट स्वस्त, पण ते पाणी धरून ठेवतं म्हणून पावसाळ्यापूर्वी मुळं मोकळी करून माती बदललेली बरी.

मिरगाची वाट बघत बसू नये. मे अखेरीच्या सरी आल्या की कुंड्या पडवीत किंवा पारदर्शक पत्र्याखाली न्यायच्या, पागोळ्यांपासून लांब आणि झडीचा पाऊस आत येतो त्या बाजूपासून तर आणखीच लांब. पुढचे तीनेक महिने पाणी जवळजवळ बंद. कमी उजेडात पाणी मिळालं की गोल कॅक्टस फिकट होऊन वर ताणला जातो आणि तो आकार परत येत नाही. अंगात साठवलेल्या पाण्यावर बरेच जण तगतात, थोडे आक्रसले तरी घाबरायचं कारण नाही. कुज बहुधा खालून सुरू होते, वरून सगळं हिरवंगार दिसतं आणि बुडाला बोट लावलं की मऊ लागतं. मग धारदार सुरीने बुडापासून वरच्या बाजूला कापत जायचं, आतला तपकिरी डाग पूर्ण संपेपर्यंत, आणि उरलेला तुकडा आठ-दहा दिवस सावलीत वाळवून पुन्हा मुळं धरायला ठेवायचा. नाहीतर सरळ कलम. आंब्याची कलमं बांधणाऱ्यांच्या मुलखात हे काही नवीन नाही, खुंट, म्हणजे खालचं मुळांचं रोप, ड्रॅगनफ्रूटचं घ्यायचं, दोन्ही काप सपाट, कापावर मधोमध दिसणारी वर्तुळं एकमेकांना टेकलेली, वरून रबरबँड. बाजारात लाल-पिवळ्या डोक्याचे मून कॅक्टस दिसतात ते असेच कलमी, त्या रंगीत डोक्यात हरितद्रव्यच नसतं त्यामुळे खुंटावर जगतात आणि बहुधा काही वर्षांतच जातात. शोपीस म्हणून ठीक.

पावसात गोगलगायी रात्री कोवळे शेंडे खाऊन जातात, आणि केलडी, म्हणजे माकडं, कुंड्या उपटतात तो त्रास बाराही महिने.

नवरात्रानंतर कुंड्या बाहेर काढायच्या, पण एकदम उन्हात नको, ऑक्टोबरच्या उन्हाने पडलेला डाग कायमचा राहतो. दोन-तीन आठवडे ग्रीन नेटखाली, मग सकाळचं ऊन, मग पुढचं. मॅमिलेरियाची फुलं आदल्या वाढीच्या उंचवट्यांमधल्या खाचांतून येतात, म्हणून शेंड्याभोवती गोल कडं धरतं, आणि गेल्या मोसमात रोप वाढलंच नसेल तर यंदा फूल नाही, कितीही खत घाला. नंतर त्यातून मिरचीसारखी बारीक लाल फळं डोकावतात. जिम्नोकॅलिशियम किनाऱ्यावर सगळ्यात भरवशाचा, थोडी सावली चालते आणि फूल काही दिवस टिकतं. रेबुशियाला कळी धरायला गार रात्री लागतात, समुद्राकाठी तो नुसता हिरवा राहतो, दापोलीच्या माळावर थंडी उतरते तिथे करून बघायला हरकत नाही. फ्रायलिया गंमतीशीर, कडक दुपारीच उघडतो आणि कित्येकदा कळी न उघडताच आत बी तयार होतं. एकिनोप्सिसचं लांब नळीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गळाठतं, घरच्यांना उठवायचं तर रात्रीच.

माझ्या मते कोकणाला सगळ्यात शोभतो तो मेलोकॅक्टस. कॅरिबियन बेटं, ब्राझीलचा किनारा अशा उष्ण ठिकाणचा, काही जाती तर समुद्राकाठच्या वाळूतच वाढतात, थंडी सोसत नाही आणि पावसाळ्यात अगदी ठणठणीत कोरडा ठेवलेलाही आवडत नाही. मोठा झाला की डोक्यावर लोकर-केसांची टोपी येते, खालचं अंग वाढायचं थांबतं आणि मग फुलं-फळं सगळी त्या टोपीतूनच, बारीक गुलाबी.

आणि ब्रह्मकमळ म्हणून ज्याची आपल्याकडे रात्री आरती करतात तो पण कॅक्टसच, एपिफायलम, जंगलात झाडांवर वाढणारा प्रकार. म्हणून तर तो भर पावसाळ्यात फुलतो आणि बाकीच्यांना मारणारं पाणी त्याला मानवतं.

विकत घेताना फूल नीट बघावं, कोरडी फुलं गरम गोंदाने चिकटवून विकायची पद्धत आहे, तसं काढायला गेलं तर शेंडाच दुखावतो. पिठ्या ढेकूण काट्यांच्या बुडाशी आणि मुळांवरही असतो, मुंग्या वर-खाली करताना दिसल्या की कुंडी पालथी करून मुळं बघायची, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसायचा. बी धरायचं असेल तर एकाच जातीची दोन वेगळी रोपं फुललेली लागतात, बारीक ब्रशने पराग इकडून तिकडे न्यायचा, कारण बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही. पेरणी फेब्रुवारी-मार्चात झाकणाच्या डब्यात केली तर उगवण साधारण एक-दोन आठवड्यांत दिसते.