खाण श्वास सोडते तेव्हा

वडोदऱ्याहून रविवारी पावागडला जाणारी मंडळी हालोलच्या पुढे माचीकडे वळतात आणि दर्शन आटोपून घरी परततात. न वळता बोडेलीच्या रस्त्याने गेलं, तर शिवराजपूर लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथल्या टेकड्यांतून मँगनीज निघालं. शिवराजपूर, बामणकुवा आणि पाणी ही तीन नावं भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत एकत्रच येतात. चांपानेर रोड ते पाणी माइन्स अशी अरुंद रुळांची आगगाडीही होती. (पाणी हे गावाचं नाव आहे, पाण्याची खाण नव्हे, जरी जुन्या खड्ड्यांतून आता तेच निघत असलं तरी.)

खाण बंद पडली की तिच्याबद्दलच्या गोष्टी सुरू होतात, आणि त्या जगभर आश्चर्य वाटावं इतक्या सारख्या असतात. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींत ‘नॉकर’ नावाची बुटकी भुतं भिंतीपलीकडून टकटक करायची. कॅलिफोर्नियातल्या बोडी या ओसाड पडलेल्या सोन्याच्या गावातून साधा खिळा उचलला तरी शाप लागतो म्हणतात. मसुरीजवळच्या लांबी देहर या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत रात्री किंकाळ्या ऐकू येतात म्हणे. आपल्या आजीच्या गोष्टींत खाण नसते, पण विहिरीतल्या साती आसरा असतात आणि रानातला चकवा असतो. तेही याच कुळातले. अशा गोष्टी थट्टेवारी नेणं सोपं आहे. पण त्यांतली लक्षणं बहुतेक वेळा खरी असतात, चुकलेलं असतं ते निदान.

गार झुळकेपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांनाच जाणवते. जमिनीखाली दहा-पंधरा मीटरवर तापमान बारा महिने जवळजवळ एकच असतं, त्या जागेच्या वार्षिक सरासरीएवढं. वडोदऱ्याच्या परिसरात ते साधारण २७ अंश धरा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना बोगद्यातली हवा १५ अंशांनी गार आणि म्हणून जड असते. ती डोंगरातल्या खालच्या तोंडातून ओघळत बाहेर येते. घामेजल्या मानेला ती लागली की अंगावर काटा येणारच. जानेवारीच्या पहाटे सगळं उलटं होतं. आतली उबदार, दमट हवा वरच्या तोंडातून चढते आणि बाहेरच्या थंडीत तिचं धुकं होतं. टेकडीवर पांढरं काहीतरी उभं दिसलं, असं सांगणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही.

याखेरीज खाण आणखी एका कारणाने श्वास घेते. ते कारण म्हणजे वातावरणाचा दाब. आपल्या भागात तो रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास जास्त, दुपारी आणि पहाटे ४ च्या सुमारास कमी. फरक अवघा दोन-तीन हेक्टोपास्कलचा, म्हणजे हजारात दोन-तीन भागांचा. पण आतली पोकळी एक लाख घनमीटर असेल, तर हजारात तीन भाग म्हणजे ३०० घनमीटर हवा झाली. दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरने मोजली, तर तीस टँकर. सकाळी दहानंतर दुपारी चारपर्यंत ही हवा तोंडातून बाहेर येत राहते. जूनमध्ये वादळी पावसाआधी दाब एकदम घसरला, तर हा उच्छ्वास याहून मोठा असतो. ‘भरदुपारी विहिरीपाशी जाऊ नकोस’ हा आजीचा दम कदाचित योगायोग असेल. जुन्या खाणीच्या तोंडाला मात्र तो चपखल लागू पडतो.

कारण बाहेर येणारी ती हवा नुसती गार नसते. खडकातले गंधकयुक्त लोहखनिज आणि आधाराची कुजणारी लाकडं प्राणवायू खात बसलेली असतात. आम्लधर्मी झालेलं पाणी चुनखडीसारख्या खडकाला लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळे खोलगट जागी साचतो. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली प्राणवायू मोजणारं मीटर वाजू लागतं, साधारण १६-१७ टक्क्यांवर मेणबत्ती विझते, १०-१२ टक्क्यांवर ओठ निळे पडतात आणि विचार अडखळतो, ६ टक्क्यांच्या आसपास माणूस काही क्षणांत कोसळतो.

यातली खरी मेख आपल्या शरीरात आहे. गुदमरल्याची जाणीव आपल्याला प्राणवायू कमी झाला म्हणून होत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून होते. खाणीतल्या हवेत प्राणवायू संपून नायट्रोजनच उरला असेल, तर धाप लागत नाही, छाती भरून येत नाही. पाय लुळे पडतात, इतकंच. मागे उभ्या असलेल्याला दिसतं ते एवढंच, की धडधाकट माणूस चालता चालता खाली बसला, जणू कुणी पाय ओढले. गाळ काढायला विहिरीत उतरलेल्याचं हेच होतं. त्याला वर काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागून तिसरा, आणि तिघांना ‘आसरांनी ओढलं’. दोर कमरेला बांधल्याशिवाय आणि आतल्या हवेची खात्री झाल्याशिवाय वाचवायला उतरू नये, हा नियम निर्दय वाटतो. पण तो मोडल्यामुळेच एकाचे तीन होतात.

मेणबत्ती किंवा कंदील घेऊन जाण्याची जुनी युक्ती अर्धीच खरी. कमी प्राणवायू ती दाखवते. कार्बन मोनॉक्साइड मात्र ज्योतीला कळत नाही, नाकालाही नाही. म्हणूनच ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत १९८० च्या दशकापर्यंत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी नेत. हायड्रोजन सल्फाइडचा खोडसाळपणा वेगळा. सडक्या अंड्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण दहा लाखांत शंभर-दीडशे भागांवर हा वायू वास घेणारी यंत्रणाच बंद पाडतो. ‘वास होता, मग गेला’ हे वाक्य म्हणून धोक्याचं. साचलेल्या पाण्यात विरघळून बसलेला हा वायू पाय घालून पाणी ढवळलं की उसळून वर येतो.

प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेट घेणारे वायू मोजणारं मीटर बाजारात मिळतं, पण ते जवळ असणं म्हणजे आत जायचा परवाना नव्हे. त्याच्या संवेदकाला खरा आकडा दाखवायला पंधरा ते तीस सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला एक मीटर या चालीने माणूस पंधरा ते तीस मीटर आत पोचलेला असतो.

आता टकटक. खडक खोदून पोकळी केली की वरचं ओझं बाजूच्या खांबांवर आणि भिंतींवर येतं. खडक तुटण्याआधी बारीक बारीक तडकतो आणि प्रत्येक तडा आवाज करतो. लाकडी आधार तर कुरकुरतोच. कॉर्नवॉलचे खाणकामगार नॉकरांसाठी पेस्टीचा (सारण भरून भाजलेल्या करंजीसारख्या पदार्थाचा) काठ टाकून ठेवत आणि टकटक वाढली की तिथून निघत. भूत मानून का होईना, कृती अचूक होती. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेतल्या खाणसंशोधकांनी याच आवाजांवर उपकरणं लावली, आणि त्यातून खडक कोसळण्याचा अंदाज घेण्याचं शास्त्र उभं राहिलं. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत याची फार गरज होती. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती आणि तिथला खडक स्फोट व्हावा तसा फुटे. कोलारचा कारभार बराच काळ लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सकडे होता आणि त्यांनी कॉर्नवॉलचीच माणसं आणली होती. २००१ मध्ये ती खाण बंद झाली. बंद खाणीतली टकटक चालूच राहते, फरक इतकाच की तिथे ती ऐकायला उपकरण नसतं.

ऐकू न येणाऱ्या, १९ हर्ट्झच्या कंपनांमुळे भुतं दिसतात, हेही अलीकडे फार सांगितलं जातं. त्याचा उगम इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेतल्या पंख्याच्या अनुभवात आहे, जो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पना सुरेख, पुरावा तोकडा. त्यावर आम्ही फार भिस्त ठेवणार नाही.

चकव्याची गोष्ट भक्कम आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये माणसांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत असताना ती बऱ्यापैकी सरळ गेली, ढग आले की स्वतःच्या नकळत गोल फिरून आपलीच वाट छेदू लागली. डोळे बांधल्यावर तर वीस मीटरहूनही कमी व्यासाची वर्तुळं निघाली. बोगद्यात सूर्य नाही, क्षितिज नाही, आणि जाताना एकच दिसलेली वाट परतताना दोन दिसते, कारण मागून येऊन मिळणारा फाटा जाताना पाठीमागे असतो. त्यात जमिनीतच खाली उतरणारा खड्डा पाण्याने काठोकाठ भरलेला असला, तर टॉर्चच्या उजेडात तो डबक्यासारखा दिसतो. कधी त्यावर कुजक्या फळ्या आणि वर मुरुमाचा थर असतो.

शाफ्टपाशी, म्हणजे खाणीत सरळ खाली उतरणाऱ्या विवरापाशी, लोकांना दगड टाकून खोली मोजायचा मोह होतो. गणित सोपं आहे: सेकंदांचा वर्ग गुणिले ४.९. तीन सेकंद लागले, तर ४४ मीटर, म्हणजे जवळपास चौदा मजले. अडचण गणितात नाही, उभं राहण्याच्या जागेत आहे. वर्षानुवर्षांच्या पावसाने काठाखालची माती आत वाहून गेलेली असते. दिसणारं भोक लहान, त्याखालची पोकळी नरसाळ्यासारखी रुंद, आणि माणूस उभा असतो गवताच्या टोपीवर.

मँगनीजच्या गावात मात्र भुताची एक गोष्ट अशी आहे, जिच्यात भूत खरोखर डोक्यात शिरतं. १८३७ मध्ये ग्लासगोच्या जेम्स कूपर यांनी मँगनीजची पूड दळणाऱ्या कामगारांच्या पायांतली शक्ती जाताना पाहिली. पुढे चिलीच्या खाणींत या आजाराला ‘मँगनीजचं वेड’ असंच नाव पडलं. सुरुवात चिडचिडीने होते, मग कारण नसताना हसू फुटतं, रडू येतं, नसलेल्या गोष्टी दिसतात. नंतर चेहरा मुखवट्यासारखा थिजतो आणि माणूस टाचा उचलून कोंबड्यासारखा चालू लागतो, मागे ढकललं तर तोल सावरू शकत नाही. श्वासातून गेलेलं मँगनीज मेंदूच्या आतल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रात साठतं. वेड मागे हटतं, चाल बहुधा सुधारत नाही. महिनोन्महिने धूळ पोटात आणि छातीत घेणाऱ्यालाच हे होतं. एका दिवसाच्या पाहुण्याला नाही. ड्रिलच्या टोकाशी पाणी सोडून धूळ जागीच बसवणं, हा यावरचा उतारा. अंगारे-धुपारे ज्यांच्यावर झाले असतील, त्यांच्या वाट्याला तो आला नाही.

लांबी देहरच्या गोष्टीतही धूळच आहे. तिथे पन्नास हजार कामगार रक्त ओकत मेले म्हणतात. आकडा टिकत नाही; २०११ च्या जनगणनेत सगळ्या मसुरी शहराची वस्ती तीस हजारांच्या आसपास होती. दून खोऱ्यातल्या चुनखडीच्या खाणी १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी बंद होत गेल्या, भुतांमुळे नाही. पण खोकल्यातून रक्त पडणं हे लक्षण ओळखीचं आहे. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की क्षय सहज जडतो. त्यासाठी मसुरीला जायला नको, वडोदऱ्याहून खंभातला जावं. तिथे अकीक नावाचा दगड घासणाऱ्यांच्या घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे.

शिवराजपूरकडे जायचंच असेल, तर सकाळी लवकर निघून दहाच्या आत ढिगारे पाहून व्हावेत. बोगद्याच्या तोंडात पाऊल टाकू नये, खड्ड्याच्या काठापासून त्याच्या रुंदीएवढं तरी लांब राहावं आणि त्या हिरव्या पाण्यात पोहू नये. काठ सरळ तुटलेले असतात, बाहेर यायला पायरी नसते. काही जागा आजही कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात असतात, तेव्हा आधी ग्रामपंचायतीत विचारावं. जांबुघोडा अभयारण्य जवळच आहे आणि बिबट्या व अस्वल दोघांनाही दुपारी गार, अंधारी जागा आवडते. टॉर्चच्या झोतात दोन हिरवट ठिपके चमकले, तर ती भुताची नजर आहे का याची शहानिशा गाडीत बसून करावी.

दगड उचलू नये, कारण खनिज दुसऱ्याच्या मालकीचं असतं. बोडीचा शाप तिथल्या रखवालदारांनीच चोऱ्या थांबाव्यात म्हणून पसरवला, असंही म्हणतात. तसंही बुटाला चिकटून आलेली काळी धूळ पुरते. घरी ती चिमूटभर काचेच्या ग्लासात टाका आणि औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन चमचे वर ओता, चेहरा लांब ठेवून. धुळीत मँगनीज डायऑक्साइड असेल, तर लगेच फसफसून फेस येईल. तो फेस निव्वळ प्राणवायूचा. विझत आलेली उदबत्ती वर धरली, तर ती पुन्हा लालबुंद होते. फेस ओसरल्यावर काळी पूड तळाशी होती तेवढीच राहते. पुन्हा दोन चमचे ओतले, तर पुन्हा फसफसते.