अर्ध्या मोसमाचा तक्ता किती खरा?

समजा, नागपुरातल्या काही मित्रांनी मिळून संगणकावर बास्केटबॉलची लीग चालवली आहे. संघांना वस्त्यांची नावं दिलीत: इतवारी, धरमपेठ, मानेवाडा, महाल, सदर. खेळाडू संगणकाने घडवलेले, सामनेही त्यानेच खेळलेले, मोसम एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगसारखा ८२ सामन्यांचा. आता ४१ सामने झालेत. इतवारी ३१ विजय आणि १० पराभवांसह पहिली, धरमपेठ २८-१३, मानेवाडा २४-१७. इतवारीचा हुकमी खेळाडू सामन्याला सरासरी ३०.१ गुण काढून एमव्हीपीच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, शर्यतीत पुढे, धरमपेठचा २८.९ वर त्याच्या मागोमाग. तर्री पोह्यांच्या टपरीवर एकच चर्चा, यंदा कोण? आणि हरत आलेला एखादा पोट्टा हमखास म्हणणार, "काहून बे, सेटिंग करून ठेवली काय यात?"

या दोन्ही प्रश्नांमागे एकच विज्ञान आहे, आणि ते शिकायला अशा कृत्रिम लीगइतकी चांगली प्रयोगशाळा मला दुसरी दिसत नाही. नेहमीच्या फँटसी खेळात आपण खऱ्या खेळाडूंचे खरे आकडे जमवतो. तिथे एखादा खेळाडू चमकला तर तो खरंच तेवढा चांगला आहे की दिवस त्याचे होते, हे कधीच पक्कं कळत नाही. कृत्रिम लीगमध्ये मात्र प्रत्येक खेळाडूची गुणवत्ता आकड्यांच्या रूपात फाइलमध्ये लिहिलेली असते. वर तोच मोसम पुन्हा पुन्हा खेळवता येतो. खऱ्या जगाने ही सोय कुणालाच दिलेली नाही.

सामना घडतो कसा ते आधी बघू. ब्राउझरमध्ये फुकट खेळता येणाऱ्या 'बास्केटबॉल जीएम'सारख्या खेळांत संगणक चेंडूच्या एकेका ताब्याचा हिशोब करतो. चेंडू कुणाकडे, फटका कुठून, समोर बचावाला कोण, यावरून बास्केट होण्याची शक्यता काढतो आणि मग ० ते १ मधली एक यादृच्छिक संख्या, म्हणजे चिठ्ठी उचलल्यासारखी कुठलीही, घेऊन निकाल ठरवतो. शक्यता ४८ टक्के निघाली आणि संख्या ०.४८ च्या खाली आली की बास्केट, नाहीतर नाही. एनबीएच्या सामन्यात प्रत्येक संघाला साधारण १०० ताबे मिळतात. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून दोनशेच्या आसपास लहान लहान निकाल, आणि त्यांची बेरीज म्हणजे सामना.

या बेरजेत नशीब विरून जात नाही. एनबीएच्या सामन्यांत अपेक्षित फरक आणि प्रत्यक्ष फरक यांच्यात साधारण १२ गुणांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पडतात त्याचं माप) असतं. एखादा संघ प्रतिस्पर्ध्यापेक्षा खरोखर ४ गुणांनी सरस असला, तरी या विखुरणीमुळे तो शंभरातले ६३ सामने जिंकेल आणि ३७ हरेल. चांगला संघ कमजोर संघाकडून हरला म्हणून गणित चुकलं असं होत नाही, उलट तो कधीच हरला नाही तर गणितात गडबड आहे असं समजावं.

आता ४१ सामन्यांचा तक्ता घ्या. अगदी सरासरी ताकदीचा, प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता बरोबर निम्मी असलेला संघ ४१ सामन्यांत किती जिंकेल? सरासरी २०.५, पण प्रमाण विचलन ३.२ विजयांचं. असा संघ साधारण सहा मोसमांतून एकदा अर्ध्या टप्प्यावर २४ किंवा अधिक विजय घेऊन बसलेला असेल, निव्वळ योगायोगाने. मानेवाड्याचे २४ विजय बघून त्यांना दावेदार म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं.

फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीचे आकडे मांडले तेव्हा त्याला दिसलं, की फार उंच आईवडिलांची मुलं उंचच असतात, पण सरासरीकडे थोडी सरकलेली. टोकाच्या मोजमापात योगायोगाचा वाटा असतो आणि तो पुढच्या वेळी तसाच मिळत नाही. लीगच्या तक्त्याला हे लावायची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक संघाच्या खात्यात आपल्या मनाने ७ विजय आणि ७ पराभव जास्तीचे टाकायचे. हे १४ सामने हवेतून आलेले नाहीत. एनबीएतल्या संघांच्या खऱ्या ताकदीतली तफावत आणि नशिबाने पडणारी तफावत यांची तुलना केली की हा आकडा १२ ते १४ च्या आसपास येतो. इतवारीचे मग ५५ पैकी ३८ विजय होतात, म्हणजे ६९ टक्के. तक्ता मात्र ७६ टक्के सांगतोय. पुढच्या ४१ सामन्यांत त्यांच्याकडून ३१ नाही, २८ विजयांची अपेक्षा ठेवावी.

एवढ्यावर धरमपेठला इतवारीच्या पुढे जाण्याची संधी किती? दोन्ही संघांच्या उरलेल्या सामन्यांतली विखुरण आणि त्यांच्या ताकदीबद्दलची आपली अनिश्चितता धरून हिशोब केला, तर सहापैकी एकदा. मानेवाड्याला पन्नास-साठ वेळांत एकदा. दुसऱ्या नंबरच्या संघाला एवढी संधी आहे हे बहुतेकांना पटत नाही, आणि तिसऱ्याला इतकी कमी आहे हेही पटत नाही.

पण विजय मोजणं ही ताकद ओळखायची सगळ्यात चांगली रीत नाही. एका गुणाने जिंकलेला सामना आणि वीस गुणांनी जिंकलेला सामना तक्त्यात सारखेच दिसतात. बेसबॉलचा अभ्यासक बिल जेम्स याने संघाने केलेल्या आणि प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या धावांवरून विजयांचा अंदाज काढायचं सूत्र दिलं. त्यात दोन्ही आकड्यांचा वर्ग घेतला जातो, म्हणून त्याला पायथागोरसचं नाव चिकटलं. बास्केटबॉलचा विश्लेषक डॅरिल मोरे याने ते बास्केटबॉलला लावलं तेव्हा घात, म्हणजे वर्गातला तो २, थेट १३.९१ वर गेला. इतका मोठा का? बास्केटबॉलमध्ये गुण मिळवण्याच्या संधी प्रचंड असतात, त्यामुळे लहानशी सरशीही सामनाभर साचत जाते. दोन-तीन गोलांच्या फुटबॉलमध्ये असं होत नाही.

आपल्या लीगमध्ये इतवारीने सामन्याला सरासरी ११२ गुण केलेत आणि १०८ दिलेत असं धरा. घात १४ घेतला तर हा संघ ६२ टक्क्यांचा निघतो, म्हणजे ४१ पैकी २६ विजयांचा. उरलेले पाच विजय अटीतटीच्या सामन्यांतले, शेवटच्या मिनिटात पदरात पडलेले. धरमपेठचे ११५ आणि १०७ असतील तर तो ७३ टक्क्यांचा, ३० विजयांच्या लायकीचा संघ, ज्याचे दोन सामने हातातून निसटले. गुणांतला फरकही थोडा सरासरीकडे ओढून घेतला, तरी मोसमाच्या अखेरीस दोन्ही संघ जवळपास बरोबरीत दिसतात. सहापैकी एकदाची गोष्ट अशी पन्नास-पन्नासवर येते. मला विचाराल तर या टप्प्यावर मी धरमपेठवर पैज लावेन.

या सूत्राला मर्यादा नाहीत असं नाही. २०१५-१६ च्या मोसमात एनबीएतले गोल्डन स्टेट वॉरियर्स अर्ध्यावर ३७-४ होते. सरासरीकडे ओढ लागणार म्हणून कुणी त्यांचा अंदाज खाली आणला असता तर तो चुकला असता, कारण उरलेल्या अर्ध्यात त्यांनी ३६-५ अशी मजल मारून ७३-९ चा विक्रम केला. सामन्याला ११४.९ गुण करून १०४.१ देणारा हा संघ सूत्राप्रमाणे ६५-६६ विजयांचा होता. आणि त्याच संघाने अंतिम मालिकेत क्लीव्हलँडवर ३-१ अशी आघाडी घेऊन ती ४-३ ने गमावली.

पुरस्कारांच्या शर्यतीत हेच सगळं आणखी टोकदार होतं. इतवारी आणि धरमपेठच्या तारांकित खेळाडूंमध्ये १.२ गुणांचं अंतर आहे. असे खेळाडू सामन्यागणिक ८ गुणांनी वरखाली होत असतील, तर ४१ सामन्यांच्या सरासरीतली चूक सव्वा गुणाची, आणि दोघांच्या फरकातली चूक पावणेदोन गुणांची. म्हणजे कोण जास्त गुण काढतो ते अजून ठरलेलंच नाही. एनबीएमध्ये एमव्हीपीसाठी १०० पत्रकार मत देतात. प्रत्येक जण पाच नावं क्रमाने लिहितो आणि त्यांना १०, ७, ५, ३ आणि १ गुण मिळतात. कृत्रिम लीगमध्ये मतदार नसतात, सूत्र असतं, आणि बहुधा त्यात खेळाडूच्या कामगिरीसोबत संघाच्या विजयांनाही वजन असतं. इतवारीला लाभलेले ते पाच अटीतटीचे विजय असे त्यांच्या खेळाडूच्या खात्यातही जमा होतात. पत्रकारही संघाचे विजय बघतात, पण अधूनमधून ते बाजूला ठेवतात. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकने ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) आणि १०.४ असिस्ट (ज्यावर बास्केट झाली असे पास) अशी सरासरी राखली. त्याचा संघ ४७ सामनेच जिंकला होता, तरी एमव्हीपी तोच ठरला.

सर्वांत फसवा पुरस्कार म्हणजे सर्वाधिक सुधारणा करणाऱ्या खेळाडूचा. थ्री-पॉइंटरचं, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्याचं, उदाहरण घेऊ. एनबीएत हे फटके सरासरी ३६ टक्क्यांच्या आसपास लागतात. अर्ध्या मोसमात २०० फटके मारणाऱ्या खेळाडूच्या टक्केवारीत नशिबाने साडेतीन टक्क्यांची घटवाढ सहज होते. गेल्या वर्षीच्या ४०० फटक्यांच्या टक्केवारीतही अडीच टक्क्यांची होती. सुधारणा म्हणजे या दोन आकड्यांची वजाबाकी, आणि वजाबाकीत चुका कमी होत नाहीत, वाढतात. इथे ती चार टक्क्यांवर जाते. म्हणून गुणवत्तेत काडीचाही बदल न झालेल्या १०० खेळाडूंमधले चार-पाच जण ३३ वरून ४० टक्क्यांवर गेल्यासारखे दिसतील. ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपायच्या आत नेमके हेच खेळाडू सगळ्यांना हवे असतात. कळमन्याच्या बाजारात ढिगातलं एक गोड संत्रं चाखून कुणी अख्ख्या बागेचा सौदा करत नाही, पण लीगमध्ये हे दरवर्षी होतं. त्यापेक्षा रिबाउंड, असिस्ट आणि खेळाडू किती फटके मारतो हे बघा. हे आकडे भूमिकेवर अवलंबून असतात, म्हणून लवकर स्थिरावतात. खेळाडू खरंच बदलला असेल तर बदल आधी तिथे दिसतो.

आता त्या 'सेटिंग'च्या संशयाकडे येऊ. संगणकातली यादृच्छिक संख्या सूत्रातून निघते. त्या सूत्राला सुरुवातीला एक संख्या द्यावी लागते, तिला बीज म्हणतात. प्रोग्रॅम, संघ आणि बीज तेच ठेवलं तर मोसमही तंतोतंत तोच येतो. मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९८ साली मांडलेलं मर्सेन ट्विस्टर हे सूत्र फार वापरलं जातं. त्यातली मालिका २ च्या १९९३७ व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येइतक्या पावलांनंतरच पुन्हा सुरू होते. या आकड्यांना इतवारी कोण आणि महाल कोण हे ठाऊकच नसतं. तरीही सलग विजयांच्या माळा दिसतात आणि संशय येतो. ६२ टक्क्यांचा संघ ८२ सामन्यांत कधीतरी सलग आठ किंवा जास्त सामने जिंकेल याची शक्यता जवळपास निम्मी आहे. 'फॉर्म' नावाची गोष्ट प्रोग्रॅममध्ये लिहिलेली नसतानाही! खऱ्या खेळाडूंच्या बाबतीत हा वाद अजून मिटलेला नाही. १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि त्वर्स्की यांनी 'हात तापणं', म्हणजे काही फटके लागले की पुढचाही लागण्याची शक्यता वाढणं, हा भास असल्याचं दाखवलं होतं. २०१८ मध्ये मिलर आणि सॅनहुर्हो यांनी त्या मोजणीतच एक सूक्ष्म कल असल्याचं सिद्ध केलं, आणि प्रश्न पुन्हा उघडला.

तेव्हा अर्ध्या टप्प्यावर करायचं काय? फाइलची प्रत काढून ठेवायची आणि उरलेला मोसम वेगवेगळ्या बीजांनी हजार वेळा खेळवायचा. ही कल्पना गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलामची. १९४६ साली आजारातून उठताना तो एकट्याने पत्त्यांचा डाव खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढणं फार किचकट होतं. मग शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजलं तर? गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन सोबतीला आला आणि अमेरिकेतल्या लॉस अलामॉस या अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळेत अणुकेंद्रकातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांचा प्रवास या रीतीने मोजला जाऊ लागला. १९४९ साली उलाम आणि निकोलस मेट्रोपोलिस यांच्या लेखातून ती मॉन्टे कार्लो पद्धत म्हणून सगळ्यांसमोर आली. हजार वेळा खेळवल्यावर सहापैकी एकदाची शक्यता साधारण १.२ टक्क्यांच्या चुकीने मोजता येते, दहा हजार वेळा खेळवल्यावर ०.४ टक्क्यांच्या.

आलेल्या टक्केवाऱ्या लिहून ठेवाव्यात, विजेतेपदाच्या आणि पुरस्कारांच्याही. इतवारीला ५० टक्के लिहिले आणि धरमपेठ जिंकली, तर त्या एका निकालावरून अंदाज चूक की बरोबर हे सांगता येत नाही. हवामानाच्या अंदाजांना हीच अडचण होती. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० साली तिच्यावर तोडगा दिला: दिलेली शक्यता आणि घडलेला निकाल यांच्यातल्या फरकाचा वर्ग घ्या, घटना घडली तर निकाल १, नाही तर ०, आणि अशा पुष्कळ अंदाजांची सरासरी काढा. ती जितकी शून्याच्या जवळ, तितका अंदाज बांधणारा पक्का. दरवेळी ५० टक्के म्हणणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. पाच-सहा मोसमांच्या नोंदी साठल्या की टपरीवरच्या कुणाचा आकडा त्याखाली जातो, ते मोजता येईल.