ख्रिस्ती शाळांच्या मुख्याध्यापकांचे पदव्युत्तर प्रशिक्षण

ख्रिस्ती धर्मसंघ, धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश) किंवा मंडळ्या यांनी चालविलेल्या शाळांच्या प्रमुखपदासाठी बी.एड.नंतर घेतले जाणारे शिक्षण. शालेय प्रशासन, अध्यापनावरील देखरेख, कायदा आणि हिशेब हे त्यातले सर्वसाधारण विषय असतात. शाळा चालविणाऱ्या संस्थेची धर्मदृष्टी रोजच्या कारभारात कशी उतरवायची, हा त्याचा खास विषय. अमेरिका, इंग्लंड आदी देशांत यासाठी विद्यापीठांच्या स्वतंत्र पदव्या आहेत. भारतात उमेदवार सहसा प्रशासन विद्यापीठातून आणि धर्मदृष्टी आपल्या संघातून शिकतो. या दोहोंची सांगड त्याला एकट्यानेच घालावी लागते. ही उणीव बडोद्यात विशेष जाणवते, कारण इथे विद्यापीठातील प्रशासनाचे शिक्षण आणि धर्मसंघांच्या शाळा या दोन्ही गोष्टी एकाच शहरात नांदतात.

शाळाप्रमुखाचे काम नेमून देण्याची परंपरा ख्रिस्ती जगात जुनी आहे. येशूसंघाने (जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने) १५९९ मध्ये ‘राशिओ स्तुदिओरुम’ ही आपल्या विद्यालयांची नियमावली पक्की केली. तिच्यात संस्थेचा एकूण कारभार रेक्टरकडे आणि अध्यापनाची देखरेख प्रीफेक्टकडे सोपविलेली आहे. खालच्या वर्गांच्या प्रीफेक्टने निदान पंधरवड्यातून एकदा प्रत्येक शिक्षकाचा तास ऐकावा, असा नियम तीत आहे. आजचे कित्येक मुख्याध्यापक सत्रातून एकदाही वर्गात जाऊन बसू शकत नाहीत. त्यांचा दिवस फायलींत आणि परिपत्रकांना उत्तरे देण्यात जातो. म्हणून वर्गनिरीक्षण आणि त्यानंतर शिक्षकाशी करायची बातचीत हा या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग मानायला हवा.

विसाव्या शतकात या पदाला नवे वळण लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये शिक्षणविषयक घोषणापत्र काढले. १९८२ मध्ये रोमहून शाळांतील प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू वा धर्मभगिनी नसलेल्या, कॅथलिकांविषयी स्वतंत्र दस्तऐवज आला. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांची संख्या जिथे घटली, तिथे प्रमुखपद प्रापंचिक शिक्षकांकडे येऊ लागले. मठातल्या दीर्घ घडणीतून जे मिळत असे ते या शिक्षकांना कुठून द्यायचे, या प्रश्नातून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना मिळाली. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या कॅथलिक शाळाप्रमुखांसाठीच्या पदवीत उन्हाळ्यात विद्यापीठात राहून शिकायचे आणि वर्षभर आपापल्या शाळेत काम करीत अभ्यास पुरा करायचा, अशी रचना आहे. नोकरी न सोडता शिकता येण्याची ही सोय भारतातल्या मुख्याध्यापकालाही मानवेल. त्या अभ्यासक्रमांचा आशय मात्र जशाच्या तसा उचलता येणार नाही. तिथल्या पुष्कळ ख्रिस्ती शाळांत घर, चर्च आणि शाळा यांची श्रद्धा एक असते. इथे वर्गातली बहुसंख्य मुले आणि अनेकदा निम्म्याहून अधिक शिक्षकही अन्य धर्मांचे असतात.

बडोद्यातील स्थिती : सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. एवढ्या शाळा उभ्या राहिल्या की त्या चालविणारी माणसे तयार करणे ओघानेच येते. १९३५ मध्ये इथे माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याचीच शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा झाली. तिच्यात शिक्षण प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि असा विभाग असलेली विद्यापीठे देशात थोडीच आहेत. इथल्याच उच्च अध्ययन केंद्राने एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये भारतातील शैक्षणिक संशोधनाचा पहिला मोठा आढावा प्रसिद्ध केला. या विद्यापीठाच्या आसपासच प्रतापगंज आणि फत्तेगंज भागांत रोझरी हायस्कूल आणि जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट या शाळा आहेत. बडोदे हा १९६६ पासून स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत आहे. रावपुरा, दांडिया बाजारातल्या मराठी घरांना कॉन्व्हेंटची शाळा परकी नाही. शिस्त आणि इंग्रजी या दोन गोष्टींसाठी आईवडील तिथे प्रवेश घेत आले आहेत. प्रमुखाला म्हणूनच पालकसभेत गुजराती, मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या घरांशी एकाच बैठकीत बोलावे लागते, आणि शाळेची प्रार्थना कोणाला सक्तीची वाटणार नाही हेही पाहावे लागते.

ही केवळ सौजन्याची बाब नाही. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही स्वतःच्या, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण किंवा उपासना लादता येत नाही. २९व्या अनुच्छेदामुळे अनुदानित शाळेला केवळ धर्म पाहून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूला ३०वा अनुच्छेद अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देतो. या तिन्ही अनुच्छेदांचा एकत्रित अभ्यास केल्याखेरीज ख्रिस्ती शाळेच्या प्रमुखाचे प्रशिक्षण पुरे झाले असे म्हणता येणार नाही.

त्यातही गुजरातचा संबंध जवळचा आहे. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७४ मध्ये ३०व्या अनुच्छेदातील या हक्काची व्याप्ती तपासली. कारभाराचा हक्क म्हणजे गैरकारभाराचा हक्क नव्हे, हे न्यायालयाने १९५८ मध्येच केरळ शिक्षण विधेयकाच्या संदर्भात स्पष्ट केले होते. पुढे १९९८ मधील केरळच्या एका शाळेच्या प्रकरणात आणि २००६ मधील एका महाविद्यालयाच्या प्रकरणात संस्थाप्रमुख निवडणे हा त्या हक्काचा महत्त्वाचा भाग ठरला. पात्र व्यक्ती असेल तर व्यवस्थापन ज्येष्ठतेच्या यादीबाहेर जाऊनही तिला निवडू शकते. एवढे स्वातंत्र्य असलेल्या व्यवस्थापनाने निवडलेली व्यक्ती खरोखर तयारीची असणे अगत्याचे आहे. नाहीतर डावललेल्या ज्येष्ठ शिक्षकावर तो अन्यायच होतो.

हे स्वातंत्र्य आता गुजरातेतील अनुदानित शाळांत आकुंचित झाले आहे. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन अनुदानित अल्पसंख्याक शाळांतील शिक्षक व आचार्य (शाळाप्रमुख) यांची पात्रता आणि निवडपद्धती ठरविण्याचा अधिकार राज्याकडे आला. या दुरुस्तीला आव्हान दिले गेले, पण गुजरात उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती वैध ठरवली. परीक्षा आणि गुणांनी निवडलेल्या आचार्यांना त्या शाळेची परंपरा नेमणुकीनंतरच शिकवता येईल. आजवर संघाच्या अंतर्गत घडणीवर विसंबलेल्या संस्थांना यापुढे ती घडण लेखी अभ्यासक्रमाच्या रूपात, अन्य धर्मीय आचार्यांनाही घेता येईल अशी, मांडावी लागेल. विनाअनुदानित शाळांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या प्रमुखाला २०१७ च्या शुल्क नियमन कायद्याखालील समितीपुढे फीचा हिशेब मांडता आला पाहिजे. वडोदरा विभागासाठी अशी स्वतंत्र समिती आहे.

उपलब्ध मार्ग : विद्यापीठाच्या एम.एड.खेरीज इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासनाची पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून करता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेची शाळा नेतृत्वावरील पदविकाही आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील रवि मथाई केंद्र शाळाप्रमुखांसाठी छोटे वर्ग घेत आले आहे. धर्मदृष्टीच्या बाजूने भारतीय कॅथलिक बिशप परिषदेचे २००७ चे शिक्षणधोरण हा वाचायलाच हवा असा मजकूर आहे. गरीब व वंचित मुलांना शाळेत अग्रक्रम द्यावा, हा त्याचा आग्रह शहरातल्या नामांकित कॉन्व्हेंटांना आजही अवघड जातो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांचे सततचे प्रशिक्षण सुचविले आहे. तेवढ्या वेळात परिपत्रके आणि संगणकप्रणाली समजावून होतात. एखाद्या दुबळ्या शिक्षकाला वर्षभर हाताशी धरून उभे करण्याचे शिक्षण त्यात बसत नाही.

प्रात्यक्षिक भागासाठी उमेदवाराने आपल्याच शाळेतला एक प्रश्न वर्षभर हाताळावा, ही पद्धत सर्वांत फलदायी ठरते : आठवीत मागे पडणारी मुले, सोडून जाणारे गणिताचे शिक्षक, किंवा फी न भरू शकणाऱ्या घरांची गुप्तता राखून करायची सवलत. धर्मसंघातील प्रमुखांची काही वर्षांनी बदली होते आणि त्यांनी सुरू केलेले काम अर्धवट राहते. यासाठी उपमुख्याध्यापकालाही त्याच प्रशिक्षणात सोबत बसविणे आणि कामाची नोंदवही शाळेतच ठेवणे आवश्यक आहे.